घरगुती उबेसाठी कोळशाची शेगडी व चूल : निवड, जागा आणि धुराड्याचे नियोजन
(विशेष संदर्भ : कंधार परिसर)

प्रस्तावना

कंधार तालुक्यात डिसेंबर-जानेवारीमध्ये रात्रीचे किमान तापमान साधारणपणे बारा-तेरा अंश सेल्सिअसच्या आसपास असते. काही रात्री ते एक आकडी होते. दिवसा ऊन चांगले तापते. त्यामुळे थंड प्रदेशांप्रमाणे संपूर्ण घर तापविण्याची व्यवस्था येथे कधी रूढ झाली नाही. तथापि, ऊब लागते ती ठरावीक वेळी आणि ठरावीक माणसांना. पहाटे आंघोळीचे पाणी, वृद्धांची खोली आणि बाळंतिणीची बाज ही तिची तीन प्रमुख ठिकाणे होत. या तिन्ही ठिकाणी आजही चूल, बंब आणि कोळशाची शेगडी यांचा वापर होताना आढळतो.

शेगडी विकत घेताना तिचा आकार, पत्र्याची जाडी आणि किंमत पाहिली जाते. खोलीतील वायू कोठून बाहेर जाणार, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वास्तविक तोच प्रश्न पहिला असला पाहिजे. इंधनाची निवड त्यानंतर आणि साधनाची निवड सर्वांत शेवटी. हा क्रम उलटल्यास काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

घराचा विचार आधी

जुनी माळवदाची घरे जाड भिंतींची व मातीच्या छताची असत. दिवसभर घेतलेली उष्णता ही माती रात्री हळूहळू सोडत असे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांतील दगड-मातीच्या अशा घरांखाली हजारो माणसे गाडली गेली. त्यानंतर जड छताची धास्ती संपूर्ण मराठवाड्याने घेतली आणि ती रास्तच होती. मात्र माळवदाऐवजी पत्र्याचे छत आले, की ते दिवसा तापते आणि रात्री आपली उष्णता उघड्या आकाशाकडे वेगाने सोडून देते. पत्र्याच्या खोलीत पहाटे जाणवणारा गारठा बराचसा वरून आलेला असतो. अशा खोलीत शेगडी वाढविण्यापूर्वी पत्र्याखाली बांबूचे तट्टे, लाकडी फळ्या अथवा जाड कापडाचे छत लावणे हा स्वस्त उपाय आहे. कोणत्याही शेगडीपेक्षा तो टिकाऊ ठरतो. मात्र ज्या खोलीत विस्तव आहे तेथे कापड वापरू नये.

दुसरी गोष्ट भिंतीची. स्वयंपाकाची चूल रोज संध्याकाळी पेटतेच. ती झोपण्याच्या खोलीला लागून असलेल्या सामाईक भिंतीशी बांधली, तर तिची उष्णता भिंतीतून पलीकडे झिरपते आणि वायू मात्र स्वयंपाकघराच्या बाजूलाच राहतो. येथे भिंतीची जाडी महत्त्वाची ठरते. साडेचार इंची विटेच्या भिंतीतून उष्णता पलीकडे पोहोचण्यास साधारण अडीच-तीन तास लागतात. नऊ इंची भिंतीला त्याच्या दुपटीहून अधिक. म्हणजे सात वाजता पेटविलेल्या चुलीची ऊब पहिल्या भिंतीतून दहाच्या सुमारास, झोपेच्या वेळी मिळते, दुसरीतून मध्यरात्रीनंतर. दीड-दोन फुटी दगडी भिंतीच्या बाबतीत हा विचार सोडून द्यावा. नवीन घर बांधताना गवंड्याला एवढी एक गोष्ट आधी सांगितली, तर खोलीत स्वतंत्र विस्तव नेण्याची गरज पुष्कळ अंशी उरत नाही.

इंधन

तालुक्यात जळण म्हणून तुराट्या, पऱ्हाट्या, धसकटे, गोवऱ्या आणि बाभळीचे लाकूड वापरले जाते. तुराटी व पऱ्हाटी झटकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते. पाणी तापविण्यास ती ठीक, रात्रभराच्या उबेसाठी निरुपयोगी. गोवरी सावकाश धुमसते, राख पुष्कळ ठेवते आणि धूरही पुष्कळ करते. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोतून सुमारे 3500 किलोकॅलरी उष्णता मिळते, तर लोणारी कोळशाच्या एका किलोतून सुमारे 7000. कोळशाला धूर नाही, ज्वाळा जवळजवळ नाही आणि विस्तव तासन्‌तास टिकतो. या तीन गुणांमुळेच तो घरात येतो.

दगडी कोळशाची गोष्ट वेगळी. विदर्भातील चंद्रपूर-बल्लारपूर परिसर आणि तेलंगणातील सिंगरेणी या दोन्ही कोळसाक्षेत्रांपासून नांदेड जिल्हा फार दूर नाही, आणि वीटभट्ट्यांमुळे हा कोळसा लोकांच्या परिचयाचा आहे. परंतु भारतीय दगडी कोळशात राखेचे प्रमाण बहुधा तीस ते चाळीस टक्क्यांपर्यंत असते आणि तापताच बाहेर पडणारे ज्वलनशील वायूही त्यात पुष्कळ असतात. पाश्चात्त्य देशांत घरे तापविण्यासाठी ज्या लोखंडी शेगड्या प्रसिद्ध आहेत, त्यांपैकी अनेक अँथ्रासाइट या कठीण, कमी धुराच्या कोळशासाठी घडविलेल्या असतात. तो कोळसा भारतात नाममात्र सापडतो. तशी शेगडी मागवून त्यात भट्टीचा कोळसा घालणे म्हणजे काजळी आणि गंधकाचा वास घरात आणणे होय. दगडी कोळसा जाळावयाचाच असेल तर खालून हवा घेणारी जाळी, राखेचा खण, आतून भाजक्या विटेचे अस्तर आणि छतापार जाणारे धुराडे या चारही गोष्टी अपरिहार्य आहेत. कंधारमधील वर्षातील दीड-दोन महिन्यांच्या थंडीसाठी हा खर्च कोणत्याही हिशेबाने परवडत नाही.

धूर नाही, पण वायू आहे

कोळशाला पुरेसा प्राणवायू मिळाला तर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो अपुरा पडला तर कार्बन मोनॉक्साइड. शेगडीतील निखाऱ्यांच्या थरात, विशेषतः ज्वाळा नसलेल्या लाल निखाऱ्यांत, दुसरी क्रिया सतत चालू असते. या वायूला रंग नाही, वास नाही आणि त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या तुलनेत दोनशे ते अडीचशे पट अधिक घट्ट बांधला जातो.

लाकडाच्या चुलीचा धूर घातक असतोच. परंतु तो माणसाला खोलीबाहेर तरी घालवितो. कोळसा तेवढीही सूचना देत नाही. ‘कोळशाला धूर नसतो, म्हणून तो शुद्ध’ हा समज या विषयातील सर्वांत महागडा गैरसमज आहे. मिळणाऱ्या उष्णतेच्या मानाने पाहिल्यास कोळशापासून निघणारा कार्बन मोनॉक्साइड लाकडापेक्षा कमी नाही, बहुधा अधिकच असतो.

एक साधा हिशेब येथे उपयुक्त ठरेल. दहा फूट बाय बारा फूट आणि नऊ फूट उंच खोलीत सुमारे तीस घनमीटर हवा असते. उघड्या शेगडीत एक किलो लोणारी कोळसा जळताना ढोबळमानाने दोनशे ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो असे धरले, तर तीन तासांत जळणाऱ्या अर्ध्या किलोतून शंभर ग्रॅम निघेल. दारे-खिडक्या बंद असून फटींमधून तासाला एकदा खोलीतील हवा बदलते असे मानले, तरी तीन तासांच्या अखेरीस दर घनमीटर हवेत सुमारे एक ग्रॅम, म्हणजे 1000 मिलिग्रॅम वायू साठतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये घरांतर्गत हवेसाठी दिलेली मर्यादा एका तासासाठी 35 मिलिग्रॅम आणि आठ तासांसाठी 10 मिलिग्रॅम आहे. येथे एका तासाची मर्यादा जवळजवळ तीस पटींनी ओलांडली जाते.

‘खिडकी थोडी उघडी ठेवावी’ असा सल्ला नेहमी दिला जातो. तोही याच हिशेबाने तपासून पाहावा. समजा, खिडकी उघडल्यामुळे हवा तासाला एकदाऐवजी दहा वेळा बदलू लागली. तरी वायूचे प्रमाण शंभर मिलिग्रॅमच्या आसपास राहते. म्हणजे एका तासाच्या मर्यादेच्या सुमारे तिप्पट. शिवाय एवढी हवा खेळती राहिली तर खोलीत ऊब कशी उरणार? ऊब हवी असेल तर खिडकी बंद करावी लागते आणि सुरक्षितता हवी असेल तर ती उघडावी लागते. धुराडे नसलेल्या शेगडीची ही अडचण कोणत्याही सुधारित नमुन्याने सुटत नाही. अशा शेगडीची सर्व उष्णता खोलीत राहते म्हणून ती काटकसरीची वाटते. परंतु ज्या कारणाने उष्णता राहते त्याच कारणाने वायूही राहतो.

पुणे येथील ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा बनविण्याची पद्धत विकसित केली व 2002 मध्ये त्यासाठी तिला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. याच संस्थेचा ‘सराई’ कुकर शंभर ग्रॅमच्या आसपास कोळशावर पाच माणसांचा स्वयंपाक करतो. इंधनाच्या काटकसरीचे हे उत्तम उदाहरण होय. मात्र तो स्वयंपाकासाठी आहे आणि तोही हवेशीर जागेत वापरावयाचा आहे. खोली उबदार करण्यासाठी तो आत ओढणे हा त्याचा उपयोग नव्हे.

धुराड्याचा इतिहास आणि धुराड्याचे गणित

धूर घराबाहेर काढण्याचा शास्त्रीय प्रयत्न या प्रदेशाला नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत 1940 च्या दशकात ‘मगन चूल’ आकारास आली. कंधार ज्या राज्यात 1956 पर्यंत होते, त्या हैदराबाद राज्यातही असा प्रयत्न झाला. तेथील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी धुराड्याची मातीची चूल तयार केली आणि धूररहित स्वयंपाकघरावरील त्यांची पुस्तिका 1953 मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे केंद्र शासनाने 1980 च्या दशकात राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हाती घेतला. 2002 मध्ये तो थांबेपर्यंत देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली बसविल्याची नोंद झाली. महाराष्ट्रात त्याच काळात दोन भांड्यांची, धुराडे असलेली ‘लक्ष्मी’ चूल पुष्कळ ठिकाणी बसविली गेली.

या चुलींपैकी बऱ्याच अल्पावधीत बंद पडल्या. चूल बसविण्यास अनुदान होते. धुराड्यातील काजळी काढण्यास कोणी नव्हते. नळीची उंची, वळण आणि वाऱ्याची दिशा यांचा विचार घरोघरी वेगळा करावा लागतो, तर कार्यक्रमात तो सर्वांसाठी सारखाच केला गेला. दोष चुलीच्या कल्पनेत कमी आणि तिच्या देखभालीच्या व्यवस्थेत अधिक होता, असेच म्हणावे लागते.

धुराडे धूर ओढते म्हणजे काय, हे समजल्यास देखभालीचे महत्त्व पटते. नळीतील तापलेली हवा हलकी असते. बाहेरची थंड हवा जड. या फरकातून ओढ निर्माण होते. नळी तीन मीटर उंच, आतील वायू सरासरी 120 अंशांवर आणि बाहेरची हवा 15 अंशांवर असेल, तर ही ओढ केवळ एक मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाइतकी असते. एवढ्या क्षीण बळावर संपूर्ण घराची हवा अवलंबून असते. काजळीचा थर, काटकोनातील एक वळण, चिमणीने केलेले घरटे किंवा शेजारच्या उंच भिंतीवरून खाली दबणारा वारा, यांपैकी एकही गोष्ट ती नाहीशी करू शकते. म्हणून नळी शक्यतो सरळ असावी, छताच्या सर्वांत उंच भागाच्या वर दोन-तीन फूट जावी, तिच्या तोंडावर टोपी असावी आणि तळाशी काजळी काढण्यासाठी उघडता येणारे दार असावे. रोज चूल पेटत असेल तर महिन्यातून एकदा ती साफ करावी. पूर्वी यासाठी ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या नळ्या सर्रास वापरल्या गेल्या. त्या कापताना उडणारी भुकटी फुप्फुसांस घातक असल्याने आता पत्र्याची किंवा भाजक्या मातीची नळी घ्यावी. नळी पत्र्याच्या छतातून किंवा लाकडी तुळईजवळून जाते तेथे भोवती विटांचे अथवा मातीचे अंतर सोडणे आवश्यक आहे.

याच गणिताची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. रात्री ज्वाळा विझून निखारे उरतात तेव्हा नळीतील तापमान उतरते. ते 40 अंशांवर आले, की ओढ पूर्वीच्या तृतीयांशापेक्षाही कमी होते. म्हणजे ज्या अवस्थेत कार्बन मोनॉक्साइड अधिक तयार होतो, नेमके त्याच अवस्थेत धुराडे दुबळे पडते. उष्णता वाया जाऊ नये म्हणून या वेळी धुराड्याची झडप पूर्ण बंद करण्याचा मोह होतो. निखारे जिवंत असेपर्यंत ती बंद करू नये. किंबहुना पूर्ण बंद होणारी झडपच न बसविणे शहाणपणाचे.

फिरती चूल विकत घ्यावयाची असल्यास तिच्यावर भारतीय मानक 13152 चा उल्लेख आहे का, हे पाहावे. अर्थात ते मानक स्वयंपाकाच्या चुलीचे आहे. बंद खोलीत ती रात्रभर ठेवण्याची परवानगी त्यातून मिळत नाही.

बंब आणि आंघोळीचे पाणी

घरातील उष्णतेचा मोठा भाग खोलीपेक्षा आंघोळीच्या पाण्यावरच खर्च होतो. एका माणसासाठी वीस लिटर पाणी 20 अंशांवरून 45 अंशांपर्यंत तापविण्यास 500 किलोकॅलरी लागतात. गॅसच्या शेगडीवर हे काम सुमारे पाऊणशे ग्रॅम गॅसमध्ये होते. पाच माणसांच्या कुटुंबाचा 14.2 किलोचा सिलिंडर केवळ आंघोळीसाठी वापरला, तर तो सदतीस-अडतीस दिवसांत संपेल. 1 मे 2016 रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून देशात दहा कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या आणि स्वयंपाकघरातील धूर त्यामुळे निश्चित कमी झाला. तरीही परसातील चूल विझली नाही, याचे एक मोठे कारण या आकड्यात आहे. गॅस पोळी-भाजीसाठी जपून ठेवला जातो आणि पाणी जळणावरच तापते. यास अज्ञान म्हणणे अन्यायाचे ठरेल. तो घर चालविणाऱ्या स्त्रीचा चोख हिशेब आहे.

हे पाणी उघड्या तीन दगडांच्या चुलीवर तापविल्यास उष्णतेचा फार थोडा भाग पाण्याला मिळतो. तांब्याच्या बंबाची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, भोवती पाणी. विस्तवाची आच नळीतून वर जाताना सर्व बाजूंनी पाण्याला वेढलेली राहते. म्हणजे धुराडे आणि भांडे येथे एकच झाले आहे. लाकडाच्या ढलप्या, नारळाच्या करवंट्या, मक्याची बुरकुंडे अशा किरकोळ जळणावर तो चालतो. बोअरच्या जड पाण्याचे क्षार आतल्या नळीवर साचतात आणि जळण वाढू लागते. म्हणून तो अधूनमधून आतून घासावा लागतो.

बंबात एक धोका मात्र आहे. त्याची नळी छतापार जात नाही. ती जेथे बंब आहे तेथेच उघडते. न्हाणीघरात बंब ठेवून दार लावून घेणे आणि बंद खोलीत शेगडी ठेवणे यांत काहीच फरक नाही. शहरांतील बंद न्हाणीघरांत गॅस गिझरमुळे गुदमरून झालेल्या मृत्यूंच्या बातम्या हिवाळ्यात येतात. त्यांमागील वायू हाच आहे. बंब परसात, पडवीत किंवा न्हाणीच्या बाहेरील भिंतीशी ठेवावा आणि पाणी बादलीने अथवा नळीने आत न्यावे.

बाळंतिणीची खोली

या विषयातील सर्वांत नाजूक जागा हीच होय. बाळ-बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खोलीची दारे-खिडक्या लावलेली असतात, फटींमध्ये कापड कोंबलेले असते आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून तिच्यावर ओवा, बाळंतशेपा, धूप टाकला जातो. शेक-शेगडीची ही प्रथा मायेतून आलेली आहे. बाळंतिणीला ऊब हवी आणि नवजात बालकाला तर ती अत्यावश्यकच आहे, हे वैद्यकशास्त्रही मान्य करते. प्रश्न ऊब देण्याच्या साधनाचा आहे. वर केलेला हिशेब या खोलीला जसाच्या तसा लागू पडतो, आणि शेगडी थेट अंथरुणाखाली असल्याने तेथील हवा सर्वांत दूषित असते. नवजात बालकाच्या रक्तातील हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडशी अधिक सहज बांधले जाते. डोके दुखणे, मळमळ, ग्लानी ही आईची लक्षणे बाळंतपणाच्या अशक्तपणाची समजली जातात. बाळाची सुस्ती ही गाढ झोप वाटते.

येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. कोविडच्या साथीनंतर अनेक घरांत बोटाला लावण्याचा ऑक्सिमीटर आला. हे यंत्र प्राणवायूने भारलेले हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइडने भारलेले हिमोग्लोबिन यांत भेद करू शकत नाही. गुदमरत असलेल्या माणसाच्या बोटावरही ते 98 दाखवू शकते. शेगडी असलेल्या खोलीत कोणाचे डोके दुखू लागले, तर यंत्राकडे न पाहता त्या व्यक्तीला प्रथम मोकळ्या हवेत आणावे आणि विलंब न करता प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. तेथे शेगडीचा उल्लेख आवर्जून करावा. अन्यथा निदान भलतीकडे जाण्याचा संभव असतो.

पर्याय घरातच आहेत. संपूर्ण खोली तापविण्याची गरज नसते. अंथरूण उबदार असले तरी पुरते. 70 अंशांचे दोन लिटर पाणी 35 अंशांपर्यंत निवताना 70 किलोकॅलरी उष्णता देते. चुलीत तापवून कापडात गुंडाळलेली तीन किलोची वीट 120 अंशांवरून 40 अंशांवर येताना जेमतेम पन्नास देते. तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांच्या विटेपेक्षा गरम पाण्याची पिशवी सरस ठरते. मात्र वीट किंवा पिशवी बाळाच्या अंगाला टेकू नये. अंथरूण तापले, की ती काढून घ्यावी. बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवून वरून पांघरूण घालण्याची जी पद्धत रुग्णालयांत ‘कांगारू मातृसंगोपन’ म्हणून शिकविली जाते, तिला तर जळणच लागत नाही. धुरी द्यावयाचीच असेल तर बाळ-बाळंतीण दुसऱ्या खोलीत असताना द्यावी, विस्तव बाहेर न्यावा, दारे उघडून हवा बदलावी आणि मगच त्यांना आत आणावे. घरातील आजीला ‘शेगडी बंद करा’ असे सांगून भागत नाही. शेकाच्या जागी दुसरे काय, हे तिच्या हाती द्यावे लागते.

निखाऱ्यांची व्यवस्था

विस्तव राखेखाली झाकून सकाळपर्यंत जपण्याची रीत आगपेटी महाग असल्याच्या काळातील आहे. राखेखालचा निखारा विझलेला नसतो. तो कमी हवेवर धुमसत असतो. धुराड्याच्या चुलीत, झडप उघडी ठेवून हे चालू शकते. शेगडीत मुळीच नाही. वृद्धांना संध्याकाळी शेकावयाचे असेल तर शेगडी ओसरीवर किंवा अंगणात, बाहेरच पेटवावी आणि तेथेच संपवावी. उरलेले निखारे पाणी टाकून विझविल्यास कोळसा भिजतो व पुन्हा नीट पेटत नाही. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ते भरून डबा अंगणात मातीवर ठेवावा. हवा न मिळाल्याने ते विझतात आणि दुसऱ्या दिवशी तोच कोळसा पहिल्याहून लवकर पेट घेतो. डबा हाताला पूर्ण गार लागेपर्यंत तो उंबऱ्याच्या आत आणू नये.